इटालियन की जपानी? खाऱ्या हवेत टिकणारी ॲडव्हेंचर गाडी

खाडीपलीकडे
मंडळी, गुहागर तालुक्यात कायम वापरायला ॲडव्हेंचर गाडी (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांवर चालणारी मोटरसायकल) घ्यायची आहे. रोजची ये-जा चिपळूणपर्यंत, सवड मिळेल तेव्हा सागरी महामार्गाने दापोली नाहीतर मालवणच्या बाजूला, अधूनमधून कुंभार्ली चढून देशावर. धोपावे-दाभोळ फेरीबोट नेहमीची. गाडी पत्र्याच्या पडवीत राहणार आणि पडवीत समुद्राची गाज ऐकू येते, म्हणजे खारं वारं बारा महिने.

यादीत होंडा एनएक्स५००, सुझुकी व्ही-स्ट्रॉम ८००डीई, एप्रिलिया तुआरेग ६६०, मोटो गुझी व्ही८५ टीटी आणि डुकाटी डेझर्टएक्स. बजेट थोडं ताणता येईल, पण गाडी महिनाभर बंद पडून राहिलेली परवडणार नाही. "जपानी बिघडत नाही, इटालियन बिघडते" एवढं सगळेच सांगतात. मला कारणं हवी आहेत: नेमकं काय जातं, का जातं, किती किलोमीटरला जातं आणि ते इथे दुरुस्त होतं का.

फिलरगेज
चांगला प्रश्न. आधी 'इटालियन' हा गठ्ठा सोडवू या, कारण त्यात चार वेगळी घराणी आहेत. डुकाटी २०१२ पासून फोक्सवॅगन समूहात, ऑडीच्या हाताखाली. एप्रिलिया आणि मोटो गुझी २००४ पासून पियाजिओकडे. बेनेली २००५ पासून चीनच्या चियानजियांगची आणि मोटो मोरिनी २०१८ पासून झोंगनेंग या चिनी कंपनीची. म्हणजे बेनेलीच्या टीआरके ५०२ किंवा मोरिनीच्या एक्स-केपचा अनुभव ऐकून कुणी डेझर्टएक्सबद्दल मत देत असेल तर ते सोडून द्या. गाड्यांचा एकमेकींशी संबंध नाही.

आता व्हॉल्व्हची तपासणी, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातली फट मापणं, कारण खर्चाचं खरं मूळ तिथे आहे. एनएक्स५०० आणि ८००डीई दोन्हींची तपासणी २४,००० किमीला. फट शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, साधायची असते, फिलर गेज (फट मापायच्या पट्ट्या), मायक्रोमीटर आणि योग्य जाडीच्या शिम हाताशी असलेला कुणीही नीट मिस्त्री ते काम करू शकतो. बहुतेक वेळा पहिल्या तपासणीत सगळं मापात निघतं आणि झाकण परत लागतं.

डेझर्टएक्सचं ९३७ सीसी टेस्टास्ट्रेटा इंजिन डेस्मो आहे. त्यात व्हॉल्व्ह बंद करायला नेहमीची स्प्रिंग नाही, उघडायला एक रॉकर आणि ओढून बंद करायला दुसरा. ८ व्हॉल्व्ह, प्रत्येकाची दोन मापं, म्हणजे १६ मापं. हे काम ३०,००० किमीला येतं आणि त्याच सुमाराला टायमिंग बेल्ट बदलायचे. गाडी फिरली नाही तरी पाच वर्षांनी बेल्ट बदलायचेच, कारण रबर वयाने म्हातारं होतं. मधली ऑइल सर्व्हिस १५,००० किमीला. हे सगळं वेळेवर झालं तर इंजिन दणकट आहे. बंद करणाऱ्या रॉकरचं माप वाढत गेलं आणि लक्ष दिलं नाही, तर व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही, थंड इंजिन उशिरा पकडतं आणि कॉम्प्रेशन उतरतं. ते काम चिपळुणात होणार नाही.

लाल_डेस्मो
फिलरगेज, माहिती बरोबर आहे, पण चित्र थोडं जुनं वाटतं. डुकाटीच्याच मल्टिस्ट्राडा व्ही४ चं ११५८ सीसी ग्रँटुरिस्मो इंजिन डेस्मो नाही. साध्या स्प्रिंगा, कॅमला चेन, बेल्ट नाहीच, आणि व्हॉल्व्ह तपासणी ६०,००० किमीला. बहुतेक जपानी गाड्यांचं अंतर त्याहून बरंच कमी असतं. २०२५ च्या मल्टिस्ट्राडा व्ही२ मध्ये ८९० सीसीचं नवं इंजिन आलं, तेही स्प्रिंगवालं, तपासणी ४५,००० किमीला. "डुकाटी म्हणजे डेस्मोचा खर्च" हे आता ठरावीक मॉडेलांपुरतंच खरं आहे.

एक गोष्ट मात्र लपवण्यात अर्थ नाही. व्ही४ बाजारात आली तेव्हा, २०२१ मध्ये, सुरुवातीच्या गाड्यांमध्ये व्हॉल्व्ह गाइडचा दोष निघाला आणि कंपनीने पूर्ण इंजिनं बदलून दिली. म्हणून जुनी व्ही४ घेणाऱ्याने ते काम झाल्याचा कागद बघावा. आणि कुठल्याही देशाच्या नव्या इंजिनाची पहिल्या वर्षाची गाडी घेऊ नये.

फिलरगेज
मान्य. व्ही४ चं अंतर खरोखरच मोठं आहे. पण धागाकर्त्याची रोजची गरज बघता १७० अश्वशक्ती, चार सिलिंडर आणि रडार हे सगळं वेळणेश्वरच्या उतारावर सांभाळायचं म्हणजे वेगळाच व्याप. गाडी सावकाश गर्दीत चालली की मागच्या दोन सिलिंडरची उष्णता मांडीला लागते. उभ्या गाडीत मागचे सिलिंडर बंद होण्याची सोय आहे, पण परशुराम घाटात ट्रकामागे रांगत चढताना ती उपयोगाची नाही.

देवगडचा_वारा
व्हॉल्व्हवर चर्चा रंगली आहे, पण समुद्रकाठी गाडी रस्त्यात थांबवतात ते व्हॉल्व्ह नव्हेत. थांबवतात ते कनेक्टर, स्विच आणि अर्थ पॉइंट. जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडच्या हवेतल्या मिठात नुसतं सोडियम क्लोराइड नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. सोडियम क्लोराइड हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलं होतं, पण मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढायला लागतं. देवगड, मालवण, गुहागर इथली हवा वर्षभरात क्वचितच त्याखाली जाते. म्हणजे गाडीवर बसलेला खारा थर भर उन्हाळ्यातही पूर्ण सुकत नाही आणि गंज रात्रंदिवस चालू राहतो. यातून निघणारी एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा: पावसात उभी असलेली गाडी धुतली जाते, पडवीत उभी असलेली धुतली जात नाही. मीठ पडवीतल्या गाडीवर साठतं. त्यामुळे सगळ्यात जास्त नुकसान मार्च ते मे आणि मग ऑक्टोबरात होतं, जुलैत नाही.

उपाय साधा आहे. दर आठवड्याला गोड्या पाण्याने, साध्या पाइपने, खालच्या अंगाने गाडी धुवायची. प्रेशर वॉशर बेअरिंगांवर, हबवर आणि कनेक्टरवर मारायचा नाही, तो सीलच्या आत पाणी ढकलतो. फेरीबोटीतून उतरल्यावर त्याच दिवशी धुवायचीच, कारण डेकवर साचलेलं खाडीचं पाणी थेट चेन, साइड स्टँड आणि रेडिएटरच्या खालच्या भागावर उडतं. धुतल्यावर पाच-दहा मिनिटं चालवून सुकवायची आणि चेन गरम असताना ऑइल द्यायचं. प्लास्टिकचं कव्हर अजिबात नको, आत दमटपणा कोंडतो. सुती किंवा हवा खेळेल असं कापड टाका.

आता कनेक्टर. इटालियन गाडीची वायरिंग 'कच्ची' असते हे आजच्या डुकाटी-एप्रिलियाबद्दल खरं नाही, सीलबंद कनेक्टर दोन्हीकडे आहेत. फरक संख्येचा आहे. मल्टिस्ट्राडा व्ही४ एसवर इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन, क्विकशिफ्टर, रडार, जायरो युनिट, बिनचावीचं लॉक, आणि प्रत्येकाला आपापले कनेक्टर. एनएक्स५०० ला एबीएस, साधं ट्रॅक्शन कंट्रोल आणि रंगीत डिस्प्ले. जितके जोड कमी तितक्या हिरव्या पिना कमी. शिवाय जास्त मॉड्यूल असलेल्या गाडीत एकाचा सिग्नल गेला तर ईसीयू (गाडीचा इलेक्ट्रॉनिक मेंदू) इतर यंत्रणाही बंद करतो, मग डिस्प्लेवर चार दिवे एकदम पेटतात आणि लहानसा दोष मोठा भासतो.

नवी गाडी आली की पहिल्या पावसाच्या आधी हे जोड उघडून पाहा: साइड स्टँडचा स्विच, मागच्या चाकाचा स्पीड सेन्सर, सीटखालचा रेग्युलेटरचा (बॅटरीकडे जाणारा चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग) जोड, हँडलजवळ वायरिंग वळतं तिथले जोड आणि बॅटरीपासून फ्रेमला आलेली अर्थची वायर. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण सुकू द्या, मग सिलिकॉन डायइलेक्ट्रिक ग्रीस रबरी सीलवर बोटाने फिरवा. पिनांवर थापू नका. अर्थच्या बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत धातू लागेपर्यंत साफ करा, बोल्ट कसा आणि वरून ग्रीस लावा.

सह्यकडा
साइड स्टँड स्विचबद्दल +१. गाडी न्यूट्रलमध्ये चालू राहते आणि गिअर टाकताच बंद पडते, तर पहिला संशय तिथे. जांभ्याची लाल माती पाण्यात कालवली की लापशीसारखी होते आणि सुकल्यावर स्विचचा दट्ट्या धरून ठेवते. बाटलीतलं पाणी मारून स्टँड दहा वेळा खाली-वर केलं की बहुतेकदा सुटतो. हे इटालियन-जपानी दोन्हीकडे सारखंच.

खाडीपलीकडे
देवगडचा_वारा, फार उपयोगी. चार्जिंगचं काय? इटालियन गाड्यांचे रेग्युलेटर जातात असं ऐकून आहे.

देवगडचा_वारा
रेग्युलेटर जपानी गाड्यांचेही गेलेत, जुन्या होंडांची त्यासाठी जगभर ख्याती आहे. शत्रू एकच, उष्णता आणि जोडातला गंज. जोडात गंज बसला की तिथे रोध वाढतो, तो जोड तापतो, प्लास्टिक वितळतं आणि शेवटी इंजिनातली चार्जिंगची कॉइल जळते. म्हणून घरी एक मल्टिमीटर हवाच.

तपासायचं असं. रात्रभर उभी गाडी: बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, तोवर बाकी कुठलाही निष्कर्ष काढू नका. इंजिन ५,००० आरपीएमला धरून बॅटरीच्या टोकांवर १४ ते १४.७. तेवढं मिळत नसेल तर कॉइलच्या तीन वायरींचा जोड सोडा, इंजिन चालू करा आणि तिघींपैकी कुठल्याही दोघींमध्ये एसी व्होल्टेज मोजा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. सारखे आले तर कॉइल ठीक, रेग्युलेटर किंवा मधली वायर गेली आहे. एक कमी आला तर कॉइल. इंजिन बंद करून त्या तिघींपैकी एकही वायर फ्रेमला चिकटलेली दाखवत असेल तरी कॉइलच. मधल्या वायरीसाठी: इंजिन चालू असताना रेग्युलेटरच्या पॉझिटिव्ह पिनेपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली, तर त्या वाटेवर कुठेतरी गंज आहे. एवढं पाच मिनिटांत होतं आणि रत्नागिरीपर्यंत टेम्पोचं भाडं वाचतं.

बिनचावीच्या डुकाटीबद्दल एक: आणीबाणीसाठी पिन कोडची सोय असते, ती घरी बसून आधीच नोंदवून ठेवायची असते. किल्लीतला सेल संपल्यावर ती करता येत नाही.

कातळसडा
यादीबाहेरचं सुचवू का? व्ही-स्ट्रॉम २५० एसएक्स. २४९ सीसी, ऑइल-कूल्ड, म्हणजे रेडिएटरच्या बारीक पाण्याच्या नळ्या, थर्मोस्टॅट, पंप, होजपाइप यातलं काहीच नाही. इंजिन जिक्सर २५० चंच, त्यामुळे फिल्टर, क्लच प्लेट, केबल हे सगळं सुझुकीच्या साध्या दुचाकी शोरूममध्ये मिळतं, मोठ्या गाड्यांच्या वेगळ्या दुकानाची वाट धरावी लागत नाही. १९ आणि १७ इंची ॲलॉय, दोन्ही ट्यूबलेस. वजन १६७ किलो, फेरीबोटीवर एकट्याने फिरवता येते. टाकी मात्र फक्त १२ लिटरची आणि २६.५ पीएसमध्ये दोन माणसं व सामान घेऊन कुंभार्ली चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर राहावं लागतं.

टायरचा मुद्दा कुणी काढला नाही. ८००डीईला पुढे २१ इंची तारांचं चाक, ट्यूबवालं. डेझर्टएक्स आणि तुआरेगला तारा असूनही ट्यूबलेस. इथे इटालियन पुढे आहेत, मोकळेपणाने मान्य करावं. पावसात चिऱ्याच्या कपचीने पंक्चर झालं तर ट्यूबलेसला सुतळी-रबर घुसवून पाच मिनिटांत हवा भरून निघता येतं. ट्यूबवाल्याला चाक काढायचं, टायर रिममधून उचकटायचा, पत्री वापरताना नवी ट्यूब चिमटायची नाही, हे सगळं अंधारात. ८००डीई घेतलीत तर २१ इंची ट्यूब गाडीतच ठेवा, तालुक्याच्या दुकानात ती मिळेलच असं धरू नका.

खाडीपलीकडे
२५० दोघांसाठी अपुरी पडेल, पण मुद्दा पटला. गुझीबद्दल कुणी बोलेल का? चेनच नाही, शाफ्ट आहे, हे खाऱ्या हवेत सोन्यासारखं वाटतं.

मांडेल्लो
गुझीच्या बाजूने लिहितो. व्ही८५ टीटी म्हणजे ८५३ सीसी, हवेवर थंड होणारं ९० अंशी व्ही-ट्विन, आडवं बसवलेलं. दोन व्हॉल्व्ह प्रति सिलिंडर, पुशरॉड, आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट लावायची जागा) साध्या स्क्रू-नटचे. दोन्ही हेड गाडीच्या बाहेर काढून ठेवल्यासारखे, टाकी हलवावी लागत नाही. चार बोल्ट काढले की झाकण हातात. तपासणी १०,००० किमीला, म्हणजे होंडाच्या दुपटीहून जास्त वेळा, पण लागतं काय? फिलर गेज, पाना, स्क्रू ड्रायव्हर. बुलेटचे टॅपेट लावणारा कोणताही मिस्त्री मॅन्युअलमधली मापं हातात दिली तर हे काम करतो. मधला काळ लहान पण काम गावात होणारं, की मधला काळ मोठा पण काम फक्त मुंबई-पुण्यात होणारं? कोकणात राहणाऱ्याने हा हिशोब मांडावा.

शाफ्टबद्दल मात्र गैरसमज नको. 'मेंटेनन्स नाही' असं काही नसतं. मागच्या डब्याचं गिअर ऑइल ठरल्या वेळी बदलायचं आणि खाऱ्या भागात शाफ्टचे स्प्लाइन (एकमेकांत अडकणारे लांब दाते) वर्षातून एकदा, मागचं चाक काढलेलं असतानाच, उघडून जुनं ग्रीस पुसून नवं लावायचं. ते कोरडे पडले की तांबूस भुकटी दिसते. ती भुकटी म्हणजे स्प्लाइनचा झिजलेला धातू. पुढे दात गेले की शाफ्टच बदलावा लागतो आणि तो भाग तुम्हाला रत्नागिरीत मिळणार नाही.

सागरीमार्ग
चेन म्हणजे शाप नाही. एक्स-रिंग चेनच्या आत कारखान्यात भरलेलं ग्रीस रबरी रिंगांनी कोंडलेलं असतं. ती मरते दोन कारणांनी: रिंगांवर तारेचा ब्रश फिरवणं आणि मीठ-मातीची लापशी सुकू देणं. रॉकेल आणि मऊ ब्रश, पुसून कोरडी, मग एसएई ९० गिअर ऑइलचा पातळ हात रोलर आणि प्लेटांच्या मध्ये. ताण स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो, तेवढाच ठेवा. लांब ट्रॅव्हलच्या सस्पेन्शनवाल्या गाड्यांत चेन उभ्या गाडीवर ढिली दिसते म्हणून लोक आवळतात, मग खड्ड्यात सस्पेन्शन दबल्यावर ती ताणून गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचं बेअरिंग आणि सील खाते. डेझर्टएक्स आणि तुआरेगवाल्यांनी विशेष जपावं.

वेंगुर्ला_जेटी
जपानी गाड्यांना गंज लागत नाही असा समज या धाग्यातून होऊ नये. २०१६ नंतरच्या पहिल्या आफ्रिका ट्विनच्या तारा गंजल्याच्या तक्रारी इंग्लंड-युरोपात इतक्या होत्या की चाकं वॉरंटीत बदलली गेली. मुलामा पातळ असला की देशाचं नाव मदतीला येत नाही. उलट डुकाटी-एप्रिलियाचे बोल्ट आणि रंग बघा, बरेचदा सरस असतात. मात्र गंजतं ते दिसत नाही तिथे: एक्झॉस्टचे स्टड, रेडिएटरच्या खालच्या जाळ्या, मागच्या ब्रेक कॅलिपरच्या पिना, स्टीअरिंगचं खालचं बेअरिंग आणि सस्पेन्शन लिंकेजची नीडल बेअरिंगं.

नवी गाडी आल्याबरोबर हे उघडून ग्रीस भरून घ्या, कारखान्यातून ग्रीस जेमतेम लावलेलं असतं. ग्रीस साधं लिथियम नको, कॅल्शियम सल्फोनेटवालं किंवा बोटींचं मरीन ग्रीस घ्या, खाऱ्या पाण्यात धुपत नाही. ट्रॉलर दुरुस्त करणाऱ्यांकडे कुठल्याही बंदरात मिळतं. कॅलिपरच्या पिनांना मात्र सिलिकॉनचंच. पेट्रोलियम ग्रीसने तिथलं रबर फुगतं आणि मग मागचा ब्रेक धरून राहतो. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेला दिसला की पिना अडकल्या समजा. बाकी बोल्टांना कॉपर ग्रीस लावा.

फिलरगेज
वेंगुर्ला_जेटी, सगळं पटलं, शेवटचं वाक्य सोडून. ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या बोल्टांना, तेही खाऱ्या हवेत, कॉपर ग्रीस नको. तांबं आणि ॲल्युमिनियम मीठ-पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. तिथे ॲल्युमिनियम किंवा निकेलचं अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट), नाहीतर तेच मरीन ग्रीस. कॉपर एक्झॉस्टच्या स्टडला ठीक. आणि ग्रीस लावलेला बोल्ट मॅन्युअलमधल्या पूर्ण टॉर्कला आवळला तर प्रत्यक्षात तो जास्त ताणला जातो, म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क (आवळायचा जोर) २० टक्क्यांच्या आसपास कमी धरा. इंजिनच्या झाकणांचे ६ मिमीचे बोल्ट असेच तुटतात.

ब्रेक ऑइल: डॉट ४ हवेतलं पाणी शोषतं. मॅन्युअल दोन वर्षं म्हणतं, आपल्या हवेत दरवर्षी पावसाळा संपल्यावर बदला. डेझर्टएक्सचा क्लचही हायड्रॉलिक आहे, तेही त्याच वेळी. एनएक्स५०० आणि ८००डीईला क्लच केबल आहे, ती तुटली तर नवी घालून दहा मिनिटांत निघता येतं. एक जादा केबल चालू केबलच्या बाजूनेच बांधून ठेवा.

लाल_डेस्मो
पेट्रोलचा मुद्दा राहिला. आता सगळीकडे ई२० आहे. इथेनॉल पाणी ओढतं. अर्धी रिकामी टाकी दमट हवेत आठवडेच्या आठवडे उभी राहिली तर आत पाणी जमतं, प्रमाण वाढलं की इथेनॉल-पाणी वेगळं होऊन तळाला बसतं आणि पंप नेमका तिथूनच ओढतो. गाडी लांब काळ उभी ठेवायची तर टाकी काठोकाठ भरून ठेवा. २००० च्या दशकातल्या काही डुकाटींच्या प्लास्टिक टाक्या इथेनॉलने फुगून बसायला तयार नसत, अमेरिकेत त्यावर खटलाही झाला. जुनी सेकंडहँड डुकाटी बघणाऱ्याने टाकीचे पुढचे बोल्ट सरळ बसतात का ते जरूर पाहावं. कुठलीही जुनी, बीएस४ गाडी घेतली तर पेट्रोलचे पाइप आणि ओ-रिंगा बदलून घ्या.

खाडीपलीकडे
सगळ्यांचे आभार. आता पार्ट. कोणता भाग किती दिवसांत, याचा काही ठोकताळा?

कातळसडा
दिवसांचा आकडा कुणीच देऊ शकणार नाही, पण क्रम सांगता येतो. झिजणारे भाग, म्हणजे पॅड, फिल्टर, प्लग आणि (गुझी सोडून) चेन-स्प्रॉकेट, पाचही गाड्यांचे मागवता येतात आणि बरेचसे इतर कंपन्यांचेही मिळतात. फरक पडतो तो पडझडीच्या आणि क्वचित लागणाऱ्या भागांत: लिव्हर, हँडलचे स्विच, रेडिएटर, स्पीड सेन्सर, इंजिनाचं झाकण, डिस्प्ले. होंडा-सुझुकीचं जाळं मोठं, म्हणून साठा देशात असण्याची शक्यता जास्त. एप्रिलिया-गुझीच्या आयात गाड्या देशात कमी, म्हणून साठाही कमी. घेण्याआधी हे करा: त्या विक्रेत्याला फोन करून तुमच्या मॉडेलचा क्लच लिव्हर, मागचा स्पीड सेन्सर आणि रेडिएटर आज शेल्फवर आहे का ते विचारा. तिन्हींना "मागवावं लागेल" असं उत्तर आलं तर तुम्हाला हवं ते कळलं. गाडीबरोबरच दोन्ही लिव्हर, एक ऑइल फिल्टर, एक एअर फिल्टर, पॅडचा एक संच आणि फ्यूज घेऊन घरी ठेवा.

एअर फिल्टरबद्दल: महामार्गाचं काम चालू असलेल्या पट्ट्यात आणि जांभ्याच्या खाणींजवळ मॅन्युअलमधल्या अंतराच्या निम्म्याला उघडून बघा. कागदी फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकला की बारीक छिद्रं मोठी होतात. लाल झाला असेल तर बदला.

फिलरगेज
तुमच्या वापराला माझं मत स्पष्ट आहे: एनएक्स५००. ४७१ सीसी, १९६ किलो, १७.५ लिटर टाकी, दोन्ही चाकं ॲलॉय-ट्यूबलेस, केबल क्लच, मोजकेच सेन्सर. इंजिन २०१३ पासून सीबी५००च्या घराण्यात तावून सुलाखून निघालेलं. दुसरी पसंती गुझी, पण स्वतः पाना धरणार असाल तरच. ८००डीईचं इंजिन उत्तम, पण ट्यूबवालं चाक आणि २३० किलो. तुआरेग मातीत या सगळ्यांत सुंदर चालते, आणि त्यासाठी कुणी ती घेत असेल तर मी अडवणार नाही. डेझर्टएक्स ज्याचं मुंबई-पुण्याला नियमित जाणं आहे त्याने घ्यावी, सर्व्हिस त्या फेरीत बसते.

सह्यकडा
सेकंडहँड बघणार असाल तर किनाऱ्यावर राहिलेली गाडी अशी ओळखा. फोर्कच्या चकचकीत नळीवरून नख फिरवा, अडकलं तर गंजाची खाच आहे, नवं सील घातलं तरी तेल गळणार. सीट काढून रेग्युलेटरचा जोड उघडा, हिरवट किंवा तपकिरी दिसला तर किंमत पाडा. रेडिएटरची खालची कडा बोटाने हलकेच दाबा, जाळी चुरगळली तर तो गेला. पुढचं चाक उचलून हँडल मधून दोन्हीकडे सावकाश वळवा, मध्यावर किंचित अडखळलं तर खालच्या बेअरिंगला गंज. डुकाटी असेल तर बेल्ट बदलल्याची तारीख लिहिलेलं बिल बघा, "करून घेतलंय" हे तोंडी चालणार नाही.

खाडीपलीकडे
नवीच घेईन, आणि एनएक्सकडे कल झालाय. शेवटचं: धुक्यासाठी जादा दिवे लावायचे आहेत, पावसाळ्यात घाटात लागतातच. वायर कापली तर वॉरंटी जाईल ना?

देवगडचा_वारा
कापू नकाच. कापलेला आणि टेप गुंडाळलेला जोड आपल्याकडे पहिल्याच पावसाळ्यात हिरवा होतो, वॉरंटीचा मुद्दा तर आहेच. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून थेट वेगळी वायर काढा आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच फ्यूज बसवा. २० वॅटचे दोन दिवे म्हणजे ४० वॅट, साधारण साडेतीन अँपिअर, त्याला ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. मध्ये वॉटरप्रूफ रिले, सीटखाली, तोंड खाली करून, म्हणजे पाणी साचत नाही. रिलेला चालू करणारा सिग्नल इग्निशनवर येणाऱ्या ॲक्सेसरीच्या जोडातून घ्या, त्यासाठी तयार प्लग मिळतो. अर्थ फ्रेमला न देता परत बॅटरीच्या निगेटिव्हला आणा. आणि दिव्यांचं तोंड खाली झुकवा, वर केले तर धुक्यात समोर पांढरा पडदाच दिसतो.